सत्तेचाळीस फळ्या

वडिलांनी हा धक्का बांधला एकोणऐंशी साली,
ट्रकमधून उतरलेल्या ओल्या, हिरव्या पाइनच्या फळ्यांचा.
वखारवाला म्हणाला होता, ओइवा, आता तीस वर्षं बघायला नको.
सगळं सरोवर ऐकत असताना वडिलांनी खिळे ठोकले
आणि आईला म्हणाले, सिल्वी,
हा आपल्याहून जास्त टिकणार.

टिकला.
वडील गेले नव्व्याण्णवात.
आई या मार्चमध्ये, सरोवरावर अजून बर्फ होता तेव्हा.

फळ्यांचा हिरवा तेवढा गेला.
कुठे, ते आम्ही कुणी विचारलं नाही.
रंग उडाला म्हणायची पद्धत आहे,
जणू पाखरू होतं.

आज करवत लावली.
फळी वरून राखाडी, जुन्या दातासारखी,
आत बोटभर खोल अजून हिरवी,
आणि मधोमध फिकट पिवळी गाभ्याची पट्टी,
जिथे औषध कधी पोचलंच नव्हतं.
खिळे मात्र सुईएवढे झालेले.
लाकूड वाचवणाऱ्यानं लोखंड खाल्लं.

भुसा ताडपत्रीवर पाड, केइयो म्हणाला.
माझा भाऊ पाणीपुरवठ्यात नोकरी करतो, कमी बोलतो.
मग फळीवर टेकून बराच वेळ बोलला:
तांबं बुरशीसाठी. सोमल किड्यांसाठी.
क्रोम मध्यस्थ, दोघांना लाकडाशी बांधून ठेवणारा.
बंद टाकीत, दाब देऊन,
खारवलेल्या माशासारखं लाकूड मुरवतात.

पण मध्यस्थाचं कोण किती दिवस ऐकतं,
आणि तेही पावसात.
दर पावसात थोडं, दर वितळत्या बर्फाबरोबर थोडं,
आमच्या ओल्या तळव्यांनाही थोडं.
फळीच्या खालच्या कडेला थेंब धरायचा, थांबायचा,
सुटायचा.
मी पालथी पडून ते थेंब मोजायचे.
सात वर्षांची होते.
चौदाच्या पुढे नेहमी चुकायचे.

शेजारचा तोइमी काठी टेकत आला.
सौनाच्या भट्टीला द्या की, म्हणाला, लाकूड ते लाकूड.
केइयोने मान हलवली.
धूर वाईट, राख त्याहून.
तोइमी बघत राहिला.
हा धक्का बांधताना
दुसऱ्या टोकाला फळी त्यानेच धरली होती.

कचराकेंद्रावरच्या पोरानं विचारलं, औषधाचं की साधं?
काट्यावर सहाशे बारा किलो भरले.
त्यानं पावती फाडून दिली.
मी विचारलं, नवं असताना किती भरलं असतं?
त्याला वाटलं, मी पैशांचं बोलतेय.

परत आलो तर पाण्यात वाट नव्हती.
खांबांच्या जागी बारा खड्डे,
गाळ त्यांत हळूहळू सरकत होता.
पाणी नेहमीसारखं, चहाच्या रंगाचं,
त्यातून काय दिसणार?

आणि तेव्हा आठवलं. उरलेल्या चार फळ्या.
वडिलांना काही वाया गेलेलं चालायचं नाही.
सौनाच्या दक्षिणेला आईचा वाफा:
चार बाजूंना चार फळ्या,
आत नवे बटाटे आणि शेपू.
ऐन उन्हाळ्यात सालीसकट उकडलेले बटाटे,
वर लोणी, वर शेपू.
चाळीस उन्हाळे.
सगळे म्हणायचे, सिल्वीच्या बटाट्यांना चवच वेगळी.

केइयोने कडेची माती काढली, फळीपासून चार बोटांवरची.
डबा आणला नव्हता, म्हणून मुरंब्याची बरणी घेतली.
वर आईच्या अक्षरात चिठ्ठी: गूजबेरी, २०११.
तीन आठवडे लागतील, तो म्हणाला.
चिठ्ठी काढू का?
राहू दे, मी म्हटलं.

वाफ्यात यंदा कुणी काही पेरलं नाही.
तरी एका कोपऱ्यात शेपू आपसूक उगवलाय,
वीतभर, केसासारखा बारीक,
त्या जुन्या फळ्यांहून हिरवा.
एक काडी खुडली. बोटांत चुरडली.
वास तोच.
हात तोंडाशी गेला होता,
तिथेच थांबला.